टर्बो इंजिन आणि चार चाकांचा जोर : रांजणगावच्या जीपपासून आपल्या कारागिरांनी घ्यायचा धडा

नगर-पुणे रस्त्याने मालाची ने-आण करणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंना रांजणगावची औद्योगिक वसाहत नवी नाही. शिरूर तालुक्यातील या वसाहतीत फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतील कारखान्यात जून २०१७ पासून जीप कंपास ही गाडी तयार होऊ लागली. जुलै २०१७ मध्ये ती बाजारात आली आणि त्याच वर्षी येथून जपान व ऑस्ट्रेलियाला तिची निर्यातही सुरू झाली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच बनणारी ही गाडी नवी होती तोवर कंपनीच्या शोरूमकडेच दुरुस्तीला जात असे. आता त्या पहिल्या गाड्यांची हमी संपली आहे. त्या जुन्या बाजारात विकल्या जात आहेत आणि दुरुस्तीसाठी आपल्या गॅरेजांच्या दारात उभ्या राहत आहेत.

आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल गॅरेज, लेथ, रेडिएटर, टायर आणि सुट्या भागांच्या दुकानांवर पेटते. हा हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे चालत आला. पण उस्तादाच्या काळातील इंजिन वेगळे होते. नव्या इंजिनाचे तत्त्व समजून न घेता त्याला हात लावला, तर एका चुकीत महिन्याची कमाई जाते आणि गिऱ्हाइकाचा भरवसा जातो तो वेगळाच. म्हणून या गाडीच्या निमित्ताने दोन गोष्टी नीट समजून घेऊ : टर्बो म्हणजे काय आणि चारही चाकांना जोर कसा मिळतो.

गाडीचे मोजमाप

या गाडीची लांबी ४,३९५ मिलिमीटर. जगाच्या बाजारात ही कॉम्पॅक्ट एसयूव्ही गणली जाते. आपल्याकडे मात्र चार मीटरच्या आतल्या गाड्यांनाच कराची सवलत असल्याने तिची गणना वरच्या वर्गात होते. डिझेल इंजिन १,९५६ सीसीचे, चार सिलिंडरचे. सुरुवातीच्या गाडीची ताकद ३,७५० फेऱ्यांना १७३ पीएस आणि टॉर्क १,७५० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान ३५० न्यूटन मीटर.

टॉर्क आणि ताकद या दोन शब्दांत नेहमी गोंधळ होतो. टॉर्क म्हणजे पान्याला दिलेला पीळ. ताकद म्हणजे तो पीळ मिनिटाला किती वेळा दिला त्याचा हिशोब. टॉर्कला फेऱ्यांनी गुणा आणि ७,०२४ ने भागा, की पीएस मिळतात. १,७५० फेऱ्यांना ३५० न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ८७ पीएस. तोच टॉर्क २,५०० फेऱ्यांना सुमारे १२५ पीएस. ३,७५० फेऱ्यांना १७३ पीएस मिळतात, म्हणजे तेथे टॉर्क ३२४ च्या आसपास उतरलेला असतो. यावरून ध्यानात येईल की घाटात ही गाडी ओढायची तर इंजिन किंचाळेपर्यंत पळवण्याची गरज नाही. तिचा खरा जोर दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच आहे.

टर्बोचे काम

डिझेल जळायला हवा लागते. १,९५६ सीसीचे इंजिन २,५०० फेऱ्यांना मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे २,४४५ लिटर हवा ओढू शकते, कारण दर दोन फेऱ्यांत एकदाच सिलिंडर भरतो. हवा तेवढीच, म्हणून डिझेलही तेवढेच जळणार. जास्त डिझेल सोडले तर ताकद वाढत नाही, काळा धूर मात्र वाढतो.

स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली यावर उपाय काढला. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हाच टर्बो. छोट्या गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेतो. हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी इंटरकूलरमधून थंड केली जाते. रेडिएटरचे काम करणाऱ्या आमच्या कारागिरांना इंटरकूलर ओळखायला अडचण नाही. फरक एवढाच की त्यात पाण्याऐवजी हवा असते.

जुन्या टर्बोची खोड अशी की कमी फेऱ्यांना वायू कमी, त्यामुळे चक्र सुस्त आणि गाडी जड. या इंजिनाच्या टर्बोत चक्राभोवती हलणाऱ्या पात्या आहेत. वायू कमी असेल तेव्हा पात्या मिटून वाट अरुंद करतात आणि वायूचा वेग वाढतो. पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब उडते, तसेच हे. वायू वाढला की पात्या उघडतात. १,७५० फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क मिळतो तो या रचनेमुळे.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी एक फायदा आहे. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या ९२-९३ टक्के असतो. अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर, म्हणजे १,६४६ मीटरवर, तो ८२ टक्क्यांवर येतो. साधे इंजिन त्या प्रमाणात कमजोर होते. टर्बो मात्र थोडा अधिक वेगाने फिरून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो.

चार चाकांचा हिशोब

इंजिन कितीही जोरदार असो, जमिनीवरची पकड सुटली की चाक जागच्या जागी फिरते. नेवासे, राहुरी, कोपरगावच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात हे कोणीही पाहावे. एक उदाहरण मांडू. माणसे व सामान धरून गाडी २,००० किलो. चिखलात पकड वजनाच्या तीन दशांश. चढ आठास एक. चढासाठी २५० किलोचा जोर हवा आणि चिखल चाकाला धरून ठेवतो त्यासाठी आणखी सुमारे २०० किलो; एकूण ४५०. पुढच्या दोन चाकांवर निम्मे वजन धरले तर त्यांची पकड ३०० किलो. गाडी अडकली. चारही चाके ओढू लागली की पकड ६०० किलो. गाडी निघाली. इंजिन तेच, डिझेल तेच. फरक फक्त जोर कोणत्या चाकांना गेला याचा.

आपल्या उस्तादांना जुनी जीप तोंडपाठ आहे. तिच्यात दांडा ओढला की पुढचा व मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना घट्ट बांधले जात. चिखलात ते उत्तम, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर वळण घेताना पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि त्यांना बांधून ठेवले तर शाफ्ट व गिअरला पीळ पडतो. कंपासमध्ये अशी घट्ट गाठ नाही. एरवी पुढची चाके ओढतात. पुढे एक जोडयंत्र, मधे लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागे तेलात बुडालेल्या प्लेटांचा क्लच आहे. चाक घसरते आहे असे संगणकाला जाणवले, की तो क्लच दाबून मागे जोर पाठवतो. गरज नसेल तेव्हा शाफ्टसुद्धा सोडवला जातो आणि फिरायचा थांबतो. तेवढे इंधन वाचते.

पण वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. चार चाकांचा जोर गाडी पुढे नेतो, ती लवकर थांबवत नाही. ब्रेक लावताना पकड दोन चाकी ओढीच्या गाडीइतकीच असते. शिवाय साध्या कंपासचे पोट जमिनीपासून १७८ मिलिमीटरवर आहे. खोल चाकोरीत पोट टेकले की चारही चाके निरुपयोगी.

गॅरेजवाल्यांनी काय पाळावे

पहिली गोष्ट, टर्बो सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला बाहेरून मारले जाते. तेल कमी पडणे, तेल घाण असणे आणि एअर फिल्टरमधून धूळ आत जाणे ही तीन मुख्य कारणे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर आणि अंगात जोर नाही, म्हणजे हवा कमी पडते आहे. आधी नळ्या व क्लॅम्प तपासा. शिट्टीसारखा आवाज बहुधा हवेच्या गळतीचा असतो. निम्म्या तक्रारी फाटक्या नळीने मिटत असतील, तर गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवा टर्बो मारणे हा धंदा नव्हे.

दुसरी, टर्बो खरोखर गेला असेल तर कारण शोधल्याशिवाय नवा बसवू नका. तेलाची नळी आतून कार्बनने बंद असेल तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत बसेल, आणि तो खर्च गॅरेजवाल्याच्या अंगावर येईल. नळी बदला, इंटरकूलरमध्ये साचलेले तेल व तुटलेल्या चक्राचे तुकडे काढा, बेअरिंगमध्ये तेल ओता, मगच इंजिन चालू करा. तेलाच्या नळीच्या जोडावर सिलिकॉनची पेस्ट लावू नका. तिचा तुकडा सुटून नेमका तेलाच्या वाटेत अडकतो.

तिसरी, तेल. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आला. त्याला कमी राखेचे तेल लागते. स्वस्त तेलाची राख त्यात साचते आणि ती जाळूनही जात नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचेच तेल घाला.

चौथी, टायर. आमच्या टायरवाल्या बंधूंनी हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावे. सतरा इंची, २२५/६० मापाच्या नव्या टायरला किलोमीटरला सुमारे ४५४ फेरे लागतात. पाच मिलिमीटर झिजलेल्या टायरला सुमारे ४६०. पुढे जुने आणि मागे नवे टायर असतील तर किलोमीटरमागे साडेसहा फेऱ्यांचा फरक पडतो. नगर ते पुणे या १२० किलोमीटरमध्ये जवळपास ७८० फेऱ्यांचा. मागचा अ‍ॅक्सल जोडलेला असताना हा फरक क्लचच्या प्लेटा घासून भरून काढतात. म्हणून चारही टायर एका मापाचे व सारख्याच झिजेचे हवेत.

पाचवी, बंद पडलेली चार चाकी ओढीची गाडी दोन चाके उचलून ओढू नका. चारही चाके जमिनीवरून उचलून, सपाट ट्रकवर घालूनच न्या.

घेणाऱ्यांसाठी

जुनी गाडी घेताना व्यापारी बंधूंनी आधी स्वतःची गरज तपासावी. दुकान ते बाजार एवढीच धाव असेल तर चार चाकांच्या जोरासाठी जास्त पैसे मोजणे हिशोबात बसत नाही. वजन, इंधन आणि देखभाल तिन्ही वाढतात. शेतमालाची खरेदी, खडीची खाण किंवा डोंगरभागातील कंत्राट असेल तर गोष्ट वेगळी. गाडी थंड असताना चालू करून धूर पाहा, तेल बदलल्याच्या पावत्या मागा, चारही टायर मोजा आणि मोकळ्या कच्च्या जागेत मागची चाके खरोखर जोर घेतात का ते पाहूनच सौदा करा.

आपले शहर वाहनविद्येला परके नाही. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, नगरलाच आहे आणि देशभरातील वाहनांच्या चाचण्या तेथे होतात. १९७२ साली बाजारात आलेल्या लूनाची किनेटिक कंपनी इथलीच. पन्नास सीसीच्या त्या इंजिनावर हात बसवून अनेकांनी गॅरेज उभे केले. आज त्यांच्या मुलांनी पान्याबरोबर संगणकी स्कॅनर हाती घ्यावा आणि आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करावा. स्कॅनर दोषाचा आकडा दाखवतो, दोष मात्र दाखवत नाही. त्या आकड्यामागे फाटकी नळी आहे की मेलेला टर्बो, हे ओळखायला उस्तादाचा कान आणि शागिर्दाचे शिक्षण दोन्ही लागतात. ज्या गॅरेजात हे दोन्ही असतील, तेथे रांजणगावची गाडी पुण्याला न जाता थांबेल.