पंपाचा जोर का गेला?

केळापूर तालुका कपाशीचा. पोळ्याच्या आगेमागे शेताशेतांतून फवारणीचा आवाज येऊ लागतो. पूर्वी हातपंप होता. आता पुष्कळांच्या पाठीवर इंजिनाचा पंप असतो. हात दमत नाही. काम लवकर उरकते. पण हेच इंजिन कधी कधी दगा देते. सुरू होते, पण जोर धरत नाही.

एकदा आम्ही पांढरकवड्याजवळच्या एका शेतात गेलो होतो. बांधावर एक भाऊ बसले होते. पंप पुढ्यात होता. ते रागाने दोरी ओढत होते.

आम्ही विचारले, "काय झालं, भाऊ?"

"काय सांगू, गुरुजी! नवा होता तेव्हा कसा भुर्रकन चाले. आता दोन ओळी झाल्या की दम टाकतो. कार्बोरेटर गेला म्हणतात. नवाच टाकून देतो."

"पैसे घालण्याआधी थोडं पाहू या ना," आम्ही म्हणालो.

पण त्याआधी एक काम केले. औषधाची टाकी रिकामी करून पंप धुवून घेतला. हात साबणाने धुतले. इंजिन थंड होऊ दिले. भाऊंच्या कानावरची बिडी दूर ठेवायला सांगितली. पेट्रोलाजवळ विस्तव नको. लेकरे जवळ आली होती, त्यांनाही घरी पाठवले.

इंजिन म्हणजे चूल

चूल नीट पेटायला काय लागते? कोरडे सरपण लागते. वारा लागतो. काडी लागते. आणि धूर जायला वाट लागते. यांतले एक बिघडले की चूल धुमसते.

इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल हे त्याचे सरपण. एअर फिल्टर ही वारा आत घेण्याची वाट. प्लगची ठिणगी ही काडी. सायलेन्सर हे धुराडे. आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे आतला दाब.

आपल्या पंपाचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असते. त्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली गेला की एक फेरा पुरा होतो. त्याला तेलाची वेगळी टाकी नसते. तेल पेट्रोलातच मिसळावे लागते. त्याच तेलावर आतले भाग चालतात. काही नवे पंप फोर-स्ट्रोक असतात. त्यांचे तेल वेगळे भरतात. त्यांच्या पेट्रोलात तेल घालू नये. आपला पंप कोणता, हे आधी पुस्तकात वाचावे. वाचता येते, त्याचा उपयोग इथे होतो.

सोपे आधी, अवघड मागून

आधी हे पाहावे, की दोष इंजिनात आहे की फवाऱ्यात? इंजिन जोरात चालते, पण फवारा मंद पडतो, तर गाळणी किंवा नोझल तुंबले असेल. इंजिनच दबत असेल, तर पुढे पाहावे.

एक. चोक लागलेलाच राहिला का? थंड इंजिन सुरू करताना चोक लावतात. तो काढायचा राहिला, तर काळा धूर येतो आणि जोर जातो.

दोन. पेट्रोल ताजे आहे का? मागच्या हंगामाचे उरलेले पेट्रोल वापरू नये. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असते, तेही पाहावे. ते बुजले की इंजिन थोडे चालून बंद पडते. झाकण जरा सैल करताच पुन्हा चालले, तर दोष तिथेच आहे. टाकीतली गाळणीही धुवावी.

तीन. एअर फिल्टर काढून पाहावा. स्पंजाचा असेल, तर साबणाच्या पाण्याने धुवून पुरता वाळवावा. कागदाचा असेल, तर धुऊ नये. हलके आपटून धूळ झाडावी, नाहीतर बदलावा. फिल्टरशिवाय इंजिन कधीही चालवू नये. काळ्या रानाची धूळ आत गेली की पिस्टन झिजतो.

चार. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. विटकरी-तपकिरी असेल, तर ठीक. काळा आणि तेलकट असेल, तर तेल जास्त झाले, किंवा फिल्टर तुंबला. पांढराफटक असेल, तर इंजिन फार तापते आहे. मग ते चालवू नये, मिस्त्रीला दाखवावे. ठिणगी पाहण्याचा खेळ पेट्रोलाजवळ करू नये. त्याच नंबरचा नवा प्लग लावून पाहावा.

पाच. सायलेन्सर पाहावा. आत काजळी बसली की धूर अडतो.

सहा. दोरी हळू ओढून पाहावी. आतून अडल्यासारखे वाटले पाहिजे. अगदी सैल वाटले, तर दाब गेला. आधी प्लग घट्ट आहे का ते पाहावे. तरी सैलच असेल, तर ते मिस्त्रीचे काम.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर खरा दोष कळत नाही.

दोष कुठे होता?

भाऊंच्या पंपाचा चोक ठीक होता. पेट्रोल ताजे होते. फिल्टर थोडा मळका होता. प्लग मात्र काळा आणि तेलकट निघाला.

"पेट्रोलात तेल किती घालता?" आम्ही विचारले.

"मोजत नाही जी. अंदाजाने ओततो. जास्त तेल म्हणजे इंजिनाला चांगलंच ना?"

इथेच गोम होती. जास्तीचे तेल पुरते जळत नाही. त्याची काजळी होते. आम्ही प्लगची टोपी काढून ठेवली आणि सायलेन्सर खोलला. धूर जाण्याचे भोक अर्धे बुजले होते. दोरी हळू ओढून पिस्टनने ते भोक आतून झाकले, म्हणजे काजळी आत पडू नये. मग लाकडी काडीने काजळी खरवडली. फिल्टर धुवून वाळवला. प्लग पुसून लावला. तेल मापाने घातलेले नवे पेट्रोल भरले. दोरी ओढली. इंजिन पहिल्यासारखे गरजले. कार्बोरेटरचे पैसे वाचले.

तेलाचे माप पुस्तकात दिलेले असते. २५ ला १ असे लिहिले असेल, तर १ लिटर पेट्रोलात ४० मिलिलिटर तेल. ५० ला १ असेल, तर २० मिलिलिटर. तेल टू-स्ट्रोकचेच घ्यावे. कमी घातले, तर इंजिन जाम होते. जास्त घातले, तर धुराडे बुजते.

जीव मोठा

हा धडा नुसता पैशाचा नाही. जोर नसलेला पंप माणसाला जास्त वेळ विषात उभा ठेवतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. म्हणून भर फवारणीत पंप बिघडला, तर तो पाठीवर घेऊन धडपडू नये. खाली ठेवावा. तुंबलेले नोझल तोंडाने कधीही फुंकू नये. पाण्याने आणि मऊ ब्रशाने साफ करावे. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये. डोके दुखले, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काम थांबवावे. कपडे बदलावे, अंग धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी.

पंप दुरुस्त होतो. गेलेला माणूस परत येत नाही.

सांगा पाहू

१. चुलीचे धुराडे म्हणजे इंजिनाचा कोणता भाग?
२. प्लग काळा आणि तेलकट असेल, तर काय समजावे?
३. माप २५ ला १ आहे. ५ लिटर पेट्रोलात तेल किती घालाल?
४. नोझल तोंडाने का फुंकू नये?