दप्तरातील मौन

कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान. पटवर्धनी कागदपत्रांतून वासुदेव वामन खरे यांनी सिद्ध केलेल्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चा भर राजकारण व मोहिमांवर आहे. तेथे लैंगिकतेचा माग घेणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी : न्यायालयीन कागदांत स्त्री बहुधा आरोपी म्हणूनच भेटते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली. पुरुषाच्या दायित्वाचा प्रश्न ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’त (१८८२) उपस्थित केला. हा ग्रंथही स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनःप्रकाशित करीपर्यंत विस्मृतीतच होता. सारांश, दप्तरातील मौन म्हणजे अनुभवाचा अभाव नव्हे. नोंद कोणी व कशासाठी केली, हा प्रश्न संशोधकाने प्रथम विचारला पाहिजे.