चक्रीवादळ आणि बेटांवरील शेती

चक्रीवादळानें झाडें पडलीं म्हणजे त्या दिवसाचें नुकसान डोळ्यांस दिसतें. परंतु शेतकऱ्याची खरी परीक्षा पुढील सहा महिन्यांत होते. नवें पीक हातीं येईपर्यंत घरांत खावयास काय आहे व लावावयास बेणें किती उरलें आहे, या दोन प्रश्नांवर कुटुंबाचा निभाव अवलंबून असतो. पॅसिफिक महासागरांतील लहान बेटांवरील लोक पिढ्यान्पिढ्या या प्रश्नांस तोंड देत आले आहेत. त्यांची शेतीची रीत आपल्या वाचकांस विचार करण्याजोगी वाटेल.

प्रथम वादळाचें स्वरूप पाहूं. उष्ण कटिबंधांतील समुद्राचें पाणी पृष्ठभागीं सुमारें २७ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें म्हणजे त्याची वाफ वर चढते. वर तिचें पुन्हां पाणी होतांना जी उष्णता सुटते, तिच्यावर वादळ पोसलें जातें. मध्यभागीं हवेचा दाब उतरतो व भोंवतालची हवा चक्राकार फिरत आंत ओढली जाते. दक्षिण पॅसिफिकमध्यें नोव्हेंबर ते एप्रिल हा या वादळांचा मोसम होय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, हें बागाइतदारांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

सॉलोमन बेटांच्या राज्यांत तिकोपिया नांवाचें सुमारें पांच चौरस किलोमीटरांचें एकाकी बेट आहे. २८ डिसेंबर २००२ रोजीं ‘झोई’ हें प्रचंड वादळ त्यावर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें २४० किलोमीटर होता. घरें मोडलीं, बागा उघड्या पडल्या, आणि समुद्रानें वाळूचा बांध फोडून गोड्या पाण्याच्या तळ्यांत खारें पाणी घातलें. मदतीचें जहाज पोंचावयास सुमारें आठवडा लागला. तरी बेटावरील एकही मनुष्य दगावला नाहीं. लोक डोंगराकडील खडकांच्या कपारींत आश्रयास गेले होते.

जीव वांचल्यावर अन्नाचें काय? तेथील जुनी रीत अशी कीं, नीरफणस, केळीं, अळकुड्या यांचा लगदा पानांनीं मढविलेल्या खड्ड्यांत दाबून आंबवावयाचा. आपल्याकडील धान्याच्या पेवाप्रमाणें हा सांठा जमिनीखालीं असल्यामुळें वारा त्यास शिवत नाहीं, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. परंतु सांठ्यासहि मर्यादा आहे. जानेवारी १९५२ मध्यें याच बेटावर वादळ झालें व पुढील वर्षीं दुसरें. मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ हे १९५२ सालीं तेथें गेले. बागा मोडल्यावर दुष्काळ कसा चढत गेला, हें त्यांनीं लिहून ठेविलें आहे.

सर्व पिकें वाऱ्यापुढें सारखीं नसतात. १३ मार्च २०१५ रोजीं ‘पॅम’ वादळ व्हानुआटूवर आलें, तेव्हां नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नपिकें नष्ट झाल्याचा अंदाज देण्यांत आला. केळ प्रथम पडते. पण तिच्या गड्ड्यापासून पुन्हां कोंब फुटतात. नारळ उन्मळला तर नव्या रोपास फळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. कोनफळ व रताळें जमिनींत असल्यामुळें पाला गेला तरी कांहीं दिवस हातीं राहतात. ज्याचा साबुदाणा होतो त्या कसाव्याचे शेंडे तेथील शेतकरी वादळाची सूचना मिळतांच छाटतात. त्यायोगें झाड हलून मुळांसकट उपटलें जात नाहीं. मात्र असे कंद ओल्या जमिनींत लवकर कुजतात, म्हणून ते वेळेवर काढून खावे लागतात.

सखल प्रवाळबेटांवर वाऱ्याहून मीठ अधिक घातक ठरतें. तुवालूमध्यें अळवाच्या जातीचा ‘पुलाका’ हा कंद जमिनीखालील गोड्या पाण्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यांत लावतात. २०१५ सालीं पॅमचें केंद्र दूर असूनहि त्याच्या लाटांनीं नुई बेटावरील हे खड्डे खाऱ्या पाण्यानें भरले. मोडलेली बाग पुन्हां लावतां येते. खारावलेला खड्डा पावसानें धुऊन निघेपर्यंत वाट पाहावी लागते.

आपल्या कोंकणांतहि ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळानें रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळींच्या बागा आडव्या केल्या, तेव्हां वर्षानुवर्षांचें उत्पन्न एका दिवसांत गेलें. त्या भागांतील बागाइतदारांनीं पुढील गोष्टी अवश्य विचारांत घ्याव्या :

(१) उंच झाडांच्या जोडीस सुरण, कोनफळ, अळू यांसारखीं जमिनीखालीं पोसणारीं पिकें ठेवावीं.

(२) बेणें व रोपें एकाच ठिकाणीं न ठेवतां दोन-तीन ठिकाणीं ठेवावीं. टंचाईंतहि बेणें खाऊन टाकूं नये.

(३) तीन-चार महिन्यांत येणाऱ्या रताळ्याचे वेल नेहमीं तयार असावे.

(४) समुद्राचें पाणी शेतांत शिरल्यास तें आधीं बाहेर काढावें आणि पावसानें जमीन धुऊन निघाल्यावरच पुन्हां लागवड करावी.

वादळ थांबविणें कोणाच्याहि हातीं नाहीं. बेणें राखणें मात्र प्रत्येकाच्या हातीं आहे, आणि तें काम वादळापूर्वींच्या स्वच्छ दिवसांत करावयाचें असतें.