जुन्या वर्तमानपत्रांचा संगणकीय शोध

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस हल्लीं एखादा विषय नेमून देऊन त्यावर स्वतः माहिती जमविण्यास सांगतात. पद्धत स्तुत्य आहे. परंतु शोधाच्या चौकटींत एक शब्द घालावा, प्रथम जें दिसेल तें उतरून घ्यावें, आणि कांहीं न दिसल्यास ‘माहिती उपलब्ध नाहीं’ असें लिहून मोकळें व्हावें, एवढ्यासच पुष्कळ जण शोध समजतात. जुन्या वर्तमानपत्रांचे व शास्त्रीय निबंधांचे जे मोठे संगणकीय संग्रह, म्हणजे डेटाबेस, आज उघडून पाहतां येतात, त्यांत अशा रीतीनें शिरणाराच्या हातीं थोडें लागतें, आणि लागतें तेंही कित्येकदां अर्धेंच असतें. अर्ध्या माहितीनें एखाद्या माणसावर केवढा अन्याय होऊं शकतो, हें एका उदाहरणानें दाखवावें असें आम्हांस वाटतें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ सुरू झाली. वॉल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञानें तेथेंच, ग्रँट मेडिकल कॉलेजांत, त्या रोगावर लस तयार केली व १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. समजा, एका विद्यार्थ्यानें हाच विषय घेतला आहे. टाइम्स ऑफ इंडिया ह्या पत्राचे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्टच्या संग्रहांत आहेत आणि वर्गणी भरणाऱ्या मोठ्या ग्रंथालयांतून ते पाहावयास मिळतात. आपला विद्यार्थी जीवशास्त्राच्या पुस्तकांतील ‘येर्सिनिया पेस्टिस’ हें जंतूचें नांव इंग्रजींत घालतो. १८९७ च्या अंकांत त्याला कांहींच सांपडत नाहीं. सांपडावें तरी कसें? येर्सिन ह्यांनीं तो जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधिला खरा, परंतु ‘येर्सिनिया’ हें नांव सुचविलें गेलें तें १९४४ सालीं. तीच गोष्ट ‘व्हॅक्सीन’ ह्या शब्दाची. हाफकिनच्या लशीस त्या काळीं बहुधा ‘प्रॉफिलॅक्टिक’ म्हणत व टोचण्यास ‘इनॉक्युलेशन’. पुण्याचें स्पेलिंगही ‘पूना’ असेंच घालावें लागेल. थोडक्यांत, असा संग्रह आपल्या मनांतील अर्थ ओळखीत नाहीं. तो अक्षरें जुळवून पाहतो. ज्या काळांतील लेख हवे, त्या काळचे लोक त्या वस्तूस काय म्हणत, हें आधीं विचारावें. घरांत कोणी वडील मंडळी असल्यास ह्या कामीं त्यांचा फार उपयोग होतो.

बरें, योग्य शब्द घालूनही लेख दिसेलच असें नाहीं. जुन्या पानांचें छायाचित्र घेऊन त्यांतील अक्षरें यंत्राकडून वाचविलेलीं असतात. शाई पसरलेली वा कागद विटलेला असला म्हणजे यंत्र भलतेंच वाचतें. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें ‘ट्रोव्ह’ नांवाच्या आपल्या संग्रहांत अशा चुका वाचकांनींच दुरुस्त कराव्या अशी सोय ठेविली आहे. इतरत्रही तिचें अनुकरण झालें तर बरें होईल. तोंवर एकच नांव दोन-तीन तऱ्हांनीं लिहून पाहावें. शब्दाच्या मुळापुढें तारकाचिन्ह दिल्यास बहुतेक संग्रह त्याचीं सर्व रूपें दाखवितात. दोन शब्द लगत हवे असल्यास त्यांभोंवतीं अवतरणचिन्हें घालावीं. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ हे तीन जोडशब्द तर पाठच असावे. ‘अँड’नें शोधाचें क्षेत्र आकुंचित होतें, ‘ऑर’नें विस्तारतें. ‘नॉट’ मात्र जपून वापरावा, कारण नको त्याबरोबर तो हवें तेंही वगळतो. गणिताचा तास ज्यांना रुक्ष वाटतो त्यांस सांगितलें पाहिजे कीं, ह्या तिहींच्या मागें जॉर्ज बूल ह्या गणितज्ञाचें तर्कशास्त्र आहे. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८५४ चा.

आतां सर्वांत महत्त्वाचें, म्हणजे तारखेचें बंधन. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ लोकांस हाफकिनची लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले. त्या सर्वांस एकाच बाटलींतील लस दिलेली होती. चौकशी होऊन दोष प्रयोगशाळेच्या माथीं आला व हाफकिनला तेथील प्रमुखपद सोडावें लागलें. विद्यार्थ्यानें १९०२ ते १९०४ एवढींच सालें निवडलीं, तर त्याच्या वहींत हाफकिन दोषी ठरून राहील. परंतु पुढें उघडकीस आलें तें निराळेंच होतें. गांवांत बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरता निर्जंतुक न करतां वापरला गेला होता. १९०७ च्या जुलैंत रोनाल्ड रॉस धरून दहा शास्त्रज्ञांनीं हाफकिनच्या बाजूनें पत्र प्रसिद्ध केलें, त्याच वर्षीं त्याच्यावरील दोष दूर झाला, व पुढें तो कलकत्त्यास पुन्हा कामावर रुजू झाला. हें पत्र छापलें लंडनच्या ‘टाइम्स’नें. नांवांतील साम्यानें फसून तें मुंबईच्या पत्राच्या संग्रहांत धुंडाळीत बसण्यांत अर्थ नाहीं. मूळ पत्रासाठीं लंडनच्या पत्राचाच संग्रह उघडावा लागेल.

शास्त्रीय बाजू पाहावयाची असल्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा ‘पबमेड’ हा संग्रह सर्वांस विनामूल्य खुला आहे. त्यांतील बहुतेक निबंधांस ठराविक विषयनामें जोडलेलीं असतात, म्हणून तेथें ‘प्लेग’ हें विषयनाम निवडलें कीं जंतूचें नांव कोणी कसेंही लिहिलेलें असो, निबंध हातीं येतो. मात्र पुष्कळदां तेथें निबंधाचा गोषवाराच मिळतो, संपूर्ण निबंध नव्हे. आणि गोषवारा वाचून निबंध वाचल्याचें लिहूं नये.

वहींत प्रत्येक उताऱ्याखालीं पत्राचें नांव, तारीख व पान लिहावें, आणि शेजारीं कोणते शब्द व कोणतीं सालें घालून तो मिळाला हेंही टिपावें. जेथें कांहीं मिळालें नाहीं तेथलेही शब्द टिपावे. म्हणजे शिक्षकांस अथवा पालकांस ती वही पाहून, १९०४ च्या पुढें शोध गेलाच नव्हता, हें लागलीच दाखवितां येईल.