नजर मोजावी की काम?

लांब पल्ल्याचा ट्रक चालवणे हे धडधाकट माणसाचेच काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत कायद्यात उतरली म्हणजे काय होते, हे मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने अमेरिकेतील एका खटल्यावरून समजून घेण्याचा प्रयत्न केला. तोच येथे मांडतो.

हॅली किर्किंगबर्ग याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी चष्म्यानेही न सुधारणारी, २०/२०० होती. म्हणजे निरोगी डोळ्यास जे २०० फुटांवरून दिसते, ते पाहण्यास त्याला २० फुटांवर यावे लागे. व्यवहारात तो एकाच डोळ्याने पाहत होता. तरीही दहाहून अधिक वर्षे त्याने ट्रक चालवला होता. १९९० च्या ऑगस्टमध्ये पोर्टलंड येथे अल्बर्टसन्स या कंपनीने त्याला कामावर घेतले, तेव्हा १६ मैलांच्या चाचणीत त्याने गाडी चांगली चालवून दाखवली. संघराज्याच्या नियमानुसार मात्र प्रत्येक डोळ्यास किमान २०/४० दृष्टी हवी होती. तपासणाऱ्या डॉक्टरने तो नियमात बसतो असा दाखला चुकून दिला.

१९९१ च्या डिसेंबरात ट्रकवरून पडून तो जखमी झाला. पुढल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये परतताना पुन्हा तपासणी झाली, आणि आधीच्या दाखल्यातील चूक उघड झाली. योगायोग असा की, मागील तीन वर्षे ज्यांचे वाहन चालवणे निर्दोष आहे अशा चालकांना दृष्टीच्या नियमातून सूट देण्याची प्रायोगिक योजना सरकारने त्याच वर्षी जुलैत सुरू केली होती. किर्किंगबर्गने अर्ज केला. कंपनीने त्याला काढून टाकले. १९९३ मध्ये सूट हातात पडली, तरी कंपनीने त्याला परत घेतले नाही.

एका डोळ्याने अंतर कसे कळते, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. दोन डोळ्यांच्या एकत्रित दृष्टीचा लाभ मुख्यतः जवळच्या वस्तूंसाठी असतो. दूरच्या वस्तूचे अंतर आपण सारेच तिचा लहानमोठेपणा, एका वस्तूआड दुसरी झाकली जाणे आणि आपण पुढे जाताना वस्तूंचे सरकणे यांवरून ताडतो. बाजूचे कमी दिसते हे खरे. तेथे मान वळवण्याची आणि आरसे पाहण्याची सवय उपयोगी पडते. माझे मामा नाशिक-इंदूर ट्रक चालवतात. "गाडी मागे घेताना डोळे नाहीत, आरसे कामाला येतात," असे ते म्हणतात. अर्थात त्यांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत!

१९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सरकारची योजना प्रायोगिक होती. मूळ नियम रद्द झालेला नव्हता. तेव्हा त्या नियमावर बोट ठेवण्याचा मालकास अधिकार आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. तर्क म्हणून हे खोडून काढणे कठीण आहे. मला खटकते ते दुसरेच. एका डोळ्याच्या माणसाचा मेंदू नकळत उणीव भरून काढतो आणि प्रत्येकाची स्थिती निराळी असते, हे न्यायालयाने स्वतःच मान्य केले. पण ही वैयक्तिक पारख त्याने 'हा माणूस कायद्याने अपंग ठरतो का?' या प्रश्नासाठी मागितली. 'हा ट्रक चालवू शकतो का?' या प्रश्नाला मात्र सरसकट नियम पुरेसा ठरला.

हात किंवा पाय गमावलेल्या चालकांसाठी तेथे निराळी व्यवस्था आहे. गाडी प्रत्यक्ष चालवून दाखवणाऱ्यास जास्तीत जास्त दोन वर्षांचे प्रमाणपत्र मिळते व ते नूतनीकरण करावे लागते. कर्णबधिरांना २०१३ पासून वैयक्तिक सूट मिळू लागली.

दृष्टीचा नियम मार्च २०२२ मध्ये बदलला. आता चांगल्या डोळ्याची दृष्टी किमान २०/४० असावी, अधू डोळ्याची स्थिती स्थिर असावी आणि तिची सवय होण्यास पुरेसा काळ लोटलेला असावा. वैद्यकीय तपासणी दरवर्षी. शिवाय नव्याने पात्र ठरणाऱ्या बहुतेकांना रस्त्यावर गाडी चालवून दाखवावी लागते. ही चाचणी घेतो मालकच, जशी १९९० मध्ये सोळा मैलांची घेतली होती.