समुद्रावरील पहारेकरी

नागपूरहून वर्ध्याच्या वाटेने दक्षिणेस निघाले, की सुमारे ३० किलोमीटरांवर बुटीबोरी लागते. हे ठिकाण आज मोठ्या औद्योगिक वसाहतीसाठी प्रसिद्ध आहे. परंतु भोवतालच्या काळ्या रानात अजूनही कापूस, तूर आणि सोयाबीन पिकते. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. गावातील कित्येक मुलांनी तो केवळ चित्रातच पाहिला असेल. तरीही या मुलखाचे समुद्राशी फार जुने नाते आहे. परिसरातून वाहणारी वेणा नदी वर्धेला मिळते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. समुद्र मात्र हे पाणी कायमचे ठेवून घेत नाही. पावसाळा आला, की मेघांच्या रूपाने तो ते परत पाठवतो.

पण हे मेघ केव्हा येतील आणि किती बरसतील? शेतकऱ्याच्या दृष्टीने हा साधा प्रश्न नव्हे. पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे मातीतच करपते. घरात असेल-नसेल ते मोडून दुबार पेरणी करावी लागते. विदर्भातील पुष्कळसा पाऊस बंगालच्या उपसागरात निर्माण होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो. म्हणून येथील आभाळ जाणायचे, तर आधी तेथील पाणी जाणले पाहिजे.

पूर्वी समुद्रावरील हवेची माहिती मुख्यतः जहाजांकडून मिळत असे. खलाशी वारा, लाटा व तापमान यांची नोंद करीत. परंतु वादळाची चाहूल लागताच जहाज त्या वाटेने जाण्याचे टाळी. ज्या ठिकाणची माहिती सर्वांत मोलाची, तेथेच ती घेणारा कोणी नसे! ही उणीव भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी समुद्रावर न हटणारे पहारेकरी नेमले. ते म्हणजे बोये.

बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक उपकरणगृहच होय. एका दणकट दोराने तो समुद्रतळावरील जड वजनाशी बांधलेला असतो. त्याच्यावरील यंत्रे वाऱ्याची दिशा व वेग, हवेचा दाब, आर्द्रता, लाटांची उंची आणि पाण्याचे तापमान टिपतात. सूर्यप्रकाशापासून वीज मिळवून ही यंत्रे चालतात व टिपलेली माहिती उपग्रहामार्फत किनाऱ्यावर धाडतात. काही बोयांच्या दोरावर ५०० मीटर खोलीपर्यंत उपकरणे बसवलेली असतात. उपग्रहाला समुद्राचा केवळ पृष्ठभाग दिसतो. चक्रीवादळाला बळ देणारी उष्णता किती खोलवर साठली आहे, हे पाण्यात उतरलेले उपकरणच सांगू शकते. भारतात हे कार्य १९९६ मध्ये सुरू झाले आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने ते अंगावर घेतले.

काही बोये मात्र बांधलेले नसतात. ते भटके प्रवासी असतात. अशा वाहत्या बोयाखाली, पाण्यात सुमारे १५ मीटर खोलीवर, भोके असलेली कापडाची लांबट नळी लोंबत असते. तिच्यामुळे बोया वाऱ्याने भरकटत नाही. प्रवाह नेईल तिकडेच जातो. उपग्रहाने त्याचे स्थान वरचेवर टिपले, की समुद्राच्या पोटातील अदृश्य नद्यांचा नकाशाच हाती येतो. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात असे बोये सोडले आहेत. जगभरच्या सागरांत मिळून असे सुमारे १२५० बोये तरंगत ठेवण्याचे उद्दिष्ट २००५ मध्ये गाठले गेले.

या माहितीचे मोल किती, ते ओडिशाच्या किनाऱ्याला विचारावे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेथे आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलिन’ हे प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आदळले. परंतु लाखो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलवलेले असल्यामुळे मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. हे श्रेय एकट्या बोयांचे नव्हे. उपग्रह, रडार, हवामानशास्त्रज्ञ आणि दारोदार फिरून लोकांना हलवणारे कर्मचारी या सर्वांचे ते आहे. तथापि भर समुद्रातून वार्ता पाठवणाराही त्या साखळीतील एक दुवा आहे.

खेदाची गोष्ट ही, की या पहारेकऱ्यांना लाटांइतकेच भय माणसाचेही असते. बोयाच्या सावलीत मासे जमतात. म्हणून काही नावा त्याला बांधल्या जातात, जाळी दोरात अडकतात, कधी उपकरणेही पळवली जातात. त्या वेळी बोया मुका होतो. ज्या वादळाची सूचना त्याने दिली असती, त्याच वादळात कदाचित दोर कापणाऱ्याचीच नाव सापडेल. म्हणून शास्त्रज्ञ कोळी बांधवांच्या वस्त्यांत जाऊन बोयांचे महत्त्व समजावून सांगतात.

एकाकी, अबोल, रात्रंदिवस लाटांचे तडाखे सोसणारा तो बोया कुणाच्या दृष्टीसही पडत नाही. परंतु त्याने पाठवलेली वार्ता किनाऱ्यावरच्या कोळ्याला सावध करते आणि समुद्र कधीही न पाहिलेल्या बुटीबोरीच्या शेतकऱ्याच्या पेरणीलाही साहाय्य करते.

स्वाध्याय
१. बुटीबोरीचे पाणी समुद्रापर्यंत कसे पोहोचते, ते क्रमाने लिहा.
२. बांधलेला बोया व वाहता बोया यांतील फरक सांगा.
३. ‘त्या वेळी बोया मुका होतो,’ असे का म्हटले आहे?