एअर फिल्टर बदलल्याने मायलेज वाढते काय?

बाजारातला उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला तर गाडी जास्त पळेल का, पेट्रोल वाचेल का, असे गिऱ्हाईक गॅरेजवाल्या बंधूंना हमखास विचारते. आज आपण याचाच विचार करू.

एक लिटर पेट्रोल जळण्यास सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. म्हणून जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, हा हिशेब वरवर पटतो. परंतु रोजच्या चालीत हवा अडवते ती मुख्यतः थ्रॉटलची झडप, फिल्टर नव्हे. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेच्या प्रमाणातच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून अशा गाड्या तपासल्या. मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही; पिकअप मात्र कमी झाला. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलही थोडे जास्त लागले.

आता नुकसानीची बाजू. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम, विरळ हवा ओढतो. तेल लावलेल्या सुती फिल्टरचे जादा तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकते. निसटलेली बारीक धूळ रिंग व सिलिंडर घासते. मग इंजिनाचे काम निघते. खर्च गिऱ्हाइकाच्या माथी, बदनामी गॅरेजच्या.

तेव्हा आमची सूचना अशी: कंपनीच्या मापाचा कागदी फिल्टर वेळेवर बदला, धुळीच्या रस्त्यावर लवकर बदला, त्याची रबरी कड नीट बसली का ते पाहा. शर्यतीसाठी ट्यून केलेल्या इंजिनाची गोष्ट निराळी. मायलेजचे आश्वासन देऊन मात्र फिल्टर विकू नका. एका फिल्टरच्या नफ्यापेक्षा परत येणारे गिऱ्हाईक मोलाचे.